फोन ठेवू नका

जुलैतली रात्र. बाहेर पावणेबाराला एकशे चार अंश,
आणि आत आम्ही नऊ जण, स्वेटर घालून,
फीनिक्स शहराचे फोन उचलत.

तिचा एसी दुपारीच बंद पडलेला. जीभ जड.
नाव विचारलं तर म्हणाली, विल्हेल्मिना,
मग म्हणाली, नाही, ती माझी आई.
झोपू द्यायचं नसतं. बोलतं ठेवायचं असतं.
मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं?
झाड. दिव्याखाली.
कसलं?
विलोसारखं, पण विलो नव्हे. फुलं आलीत.
रंग?
थांबली. मी तिचे श्वास मोजले. पाच. सहा.
वाईन सांडली की टेबलक्लॉथवर सकाळी जे उरतं ना,
तसला.
मग दार फुटल्याचा आवाज, बुटांचा, आणि फोन बंद.

आमच्याकडे गोष्टी अशाच येतात,
शेवटचं पान फाटून.
मागाहून चौकशी करायची पद्धत नाही.
पुढचा फोन वाजतच असतो.

ऑक्टोबरात हेरिबेर्तोच्या नर्सरीत गेले.
वर्णन दिलं, पोलिसांना संशयिताचं देतात तसं.
तो हसला. डेझर्ट विलो.
नावापुरताच विलो. कोरड्या ओढ्याकाठचं झाड,
पाण्याची वाट बघत बसणाऱ्यातलं नव्हे,
आलं तर पिऊन घेणारं.
पाच गॅलनचा डबा, छडीएवढं खोड, बियांपासून वाढवलेलं.
रंग कुठला येईल?
ते त्यालाच माहीत, म्हणाला.

खड्ड्याला दोन शनिवार लागले.
हातभर माती, आणि खाली कॅलिची,
कुणी मुद्दाम फरशी घालून ठेवल्यासारखा चुन्याचा थर.
शेजारचा डेल्विन बेगे पहार घेऊन आला.
आरपार फोडू, म्हणाला, नाहीतर झाड बुडून मरेल.
वाळवंटात? बुडून?
इथली बरीचशी तशीच मरतात.

मी ऐकलं, आणि नाही ऐकलं.
जून लागल्यापासून रोज सकाळी, कामावरून आल्या आल्या,
हेडसेटचा वळ कानावर असतानाच
नळी सोडायची बुंध्याशी.
पानं हिरवीगार. फांद्या लांबसडक, लुळ्या.
फूल एक नाही.
हेरिबेर्तो आला, बोटानं माती उकरली,
वास घेतला, आणि माझ्याकडे असं बघितलं
जसे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.
बाई, याला जगवू नकोस. ते जगतंय.
नळी लांब ने, मुळांना चालायला लाव.
पंधरा दिवसांतून एकदा, खोल.
मधे काही करायचं नाही.

काही करायचं नाही.
बावीस वर्षं मी हेच म्हणत आलेय,
फोन ठेवू नका, मी आहे इथे.
एकशे सोळा. एकशे सतरा.
मी खिडकीशी उभी, हात काखेत दाबून.
चौथ्या दिवशी पानं थोडी वळली.
नवव्या दिवशी नळापर्यंत जाऊन आले. नुसतीच.
त्या आठवड्यात शहरात किती गेले
ते पेपरात आलं होतं. मी आकडा वाचला नाही,
आकड्यातली ती असेल की नसेल
ते आकडा सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी, मे संपता संपता, फुललं.
फिकं गुलाबी. जवळजवळ पांढरंच.
घशात तेवढी पिवळी रेघ.
वाईन नव्हे, डाग नव्हे, काहीच नव्हे तसलं.
मी बराच वेळ उभी राहिले.
डेल्विन कुंपणापलीकडून म्हणाला, छान आहे की.
छानच आहे, म्हटलं.
एक काळा भुंगा फुलात पार शिरला होता,
मागचे दोन पाय तेवढे बाहेर.
सकाळचे सात, अठ्ठ्याण्णव अंश.
वास होता थोडा. आठपर्यंत तोही गेला.

रात्री एका माणसाला विचारलं,
खिडकीतून काय दिसतं?
काही नाही, म्हणाला. समोरची भिंत.
चालेल, म्हटलं.
भिंतीचा रंग सांगा.